ठिपके मोजणाऱ्या बाई

डॉक्टर मालती चांदूरकरांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं स्टॉपवॉच असे. खेड्यातल्या बायका ते पहिल्यांदा बघत तेव्हा एकमेकींना कोपराने ढोसत, आणि शेवटी एखादी धीट बाई विचारीच, की हे कोणत्या गावचं मंगळसूत्र. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या न हसता सांगत, "याच्याशीच झालं माझं. दिवसभर टिकटिक करतं, पण उलटून बोलत नाही."

नागपूरच्या एका सरकारी इस्पितळात त्या रक्ततपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी महाल भागात राहणारी, बी.एस्सी. झालेली, एका मुलाची आई, नोकरीच्या शोधात. माझी मुलाखत त्यांनी स्वतःच्या कानावर घेतली. हातात सुई दिली आणि म्हणाल्या, माझ्या कानाची पाळी टोच, आणि दर अर्ध्या मिनिटाने टिपकागद लाव, रक्त थांबेपर्यंत. माझी पाचावर धारण बसली. कशीबशी टोचली. मधेच टेबलावरचा फोन वाजला. रक्त थांबल्यावर त्यांनी विचारलं, किती ठिपके. मी म्हटलं, सात, पण एक मधला चुकलाय, फोनकडे बघत होते. त्यांनी कानाला कापूस लावला, आणि सोमवारपासून ये म्हणाल्या. पगार किती ते सांगायचंही त्यांना सुचलं नाही आणि विचारायचं मलाही.

तपासणी एवढीच होती. निरोगी माणसाचे सहासात ठिपके उमटतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, मग कागद कोरा राहतो. पण काही माणसांची रांग वीस-पंचवीस ठिपक्यांपर्यंत लांबत जाते. रक्त धरून ठेवणारं एक द्रव्य त्यांच्यात जन्मापासून कमी असतं. अशा माणसाचा दात काढला तर चार चार दिवस तोंडातून रक्त येतं, आणि बाई असेल तर बाळंतपणात जीव जातो. हा दोष घराण्यातून येतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कसा येतो, यावर मात्र आमच्याकडे एकच उत्तर होतं, की आई देते आणि मुलग्यांना होतो. मुलींना होत नाही.

बाईंना ते पटत नव्हतं, कारण काटोलकडच्या एका शेतकरी कुटुंबातून त्यांच्यासमोर मुलीही येत होत्या. एका बैठकीत त्यांनी तसं सांगितलं, तर एक वयस्क डॉक्टर हसून म्हणाले, बायकांचं रक्त जायचंच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली असणार. विभागात येऊन त्यांनी धुतलेल्या काचनळ्या पुन्हा धुवायला घेतल्या. त्यातल्या दोन फुटल्या.

त्या घराण्याचा माग त्यांनी काढला तो मला अजून नवलाचा वाटतो. त्या घरातल्या बायकांचे कान टोचलेले नसत. हातावर, कपाळावर गोंदणही नसे. कारण विचारलं तर सांगत, आमच्या देवीले चालत नाही. बाई म्हणाल्या, "देवी हुशार आहे. तिने कोणाकोणाला मना केलंय ते बघू." त्या घराण्याच्या लेकी लग्न होऊन जिथे जिथे गेल्या होत्या, तिथेही त्यांनी आपल्या मुलींचे कान टोचू दिले नव्हते. बाई त्या न टोचलेल्या कानांच्या मागे गावोगाव फिरल्या. एसटी, बैलांची दमणी, नाहीतर पायी. माझ्या खांद्यावर बर्फाचा थर्मास, त्यात रक्ताच्या नळ्या. विभागाच्या भिंतीवर त्यांनी मोठा तपकिरी कागद लावला होता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. रक्त न थांबणाऱ्याचं घर लाल शाईने भरायचं, बाकीचं रिकामं ठेवायचं. वर्षभरात त्या कागदावर लाल रंग आईकडून मुलाकडे गेलेला दिसू लागला, तसा बापाकडून मुलीकडे गेलेलाही. बाईंना मुंबईच्या परिषदेत हेच मांडायचं होतं.

ज्या घरात कान टोचत नाहीत, तिथे कानाला सुई लावू कोण देणार? बाई आधी ओसरीवर सगळ्यांदेखत माझ्याकडून स्वतःचा कान टोचून घेत. एका दिवसात पाच घरं झाली की त्यांची पाळी सुजून लाल होई. मी कुरकुरले तर म्हणत, "माझा टोच. माझं थांबतं, मला काय धाड भरली?"

त्यांचा एक नियम होता. बाईला प्रश्न विचारायचे ते एकटीला. सासू, नवरा, सख्खी आईसुद्धा समोर नको. चहा ठेवायला पाठवा, गाय दाखवा म्हणा, काही करा, पण बाहेर काढा. "घरात चार माणसं बसली की बाईचं दुखणं पाचवं होऊन कोपऱ्यात जातं," असं त्या म्हणत. आणि उत्तरावर फार भरवसा ठेवू नका, हेही म्हणत. "माणूस खोटं बोलतो. थेंब नाही बोलत." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्या माघारी आम्ही त्यांची नक्कल करायचो.

शेवंता आली ती माघात. सातवा महिना. या घराण्यातलीच लेक. तिच्या थोरल्या बहिणीचा, वेणूचा, गोल आमच्या कागदावर आधीच लाल होता. एक भाऊ दाताच्या दुखण्यात रक्त जाऊन गेला होता, एक आत्या बाळंतपणात. हे शेवंताच्या सासूच्या, जनाबाईंच्या, कानावर उशिरा गेलं. त्या सुनेला घेऊन थेट आमच्या दारात. उंच, काटक, जरबेची बाई. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, की हिच्यात खोट असन तं हिले मायच्या घरी नेऊन घालतो. शेवंता खाली बघत उभी होती.

त्या दिवशी बाहेर तपासणीची रांग लागली होती. प्रश्न मी विचारले, कानही मीच टोचला. जनाबाई बाकावर बसून होत्या. दात पडताना रक्त फार गेलं का, पाळीत जातं का, पायात काटा मोडला तर थांबतं का. शेवंताने सगळ्याला मान हलवून नाही म्हटलं. ठिपके आले सात. मी दोनदा मोजले. बाईंनी कागद उजेडात धरून बघितला, वहीत चिकटवला आणि जनाबाईंना लिहून दिलं, की शेवंताच्या रक्तात दोष नाही. त्या कागदाची घडी घालताना जनाबाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. भिंतीवर शेवंताचा गोल रिकामा राहिला. त्या संध्याकाळी बाईंनी मला सदर बाजारात नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलं. एका मुलीचा संसार वाचला म्हणून आम्ही दोघी खूश होतो.

चैत्रात वेणू इस्पितळात आली. तिलाही दिवस होते, आठवा महिना, अंगात रक्त कमी. नेहमीप्रमाणे मी तिचे ठिपके घेतले. आठवर थांबले. मला वाटलं सुई नीट लागली नाही. पुन्हा घेतले, पुन्हा आठ. वहीत तिचीच जुनी रांग होती, तेवीस ठिपक्यांची. मी बाईंना बोलावलं. त्या चिडल्याच. "लक्ष कुठे आहे गं तुझं? कागद भिजला असेल." त्यांनी स्वतः दुसऱ्या कानाला सुई लावली, स्टॉपवॉच दाबलं. आठ.

बाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्यांनी वेणूच्या पोटाकडे बघितलं. मग उठून वाचनालयात गेल्या आणि तासाभराने एक जाडजूड ग्रंथ काखेत घेऊन आल्या. कुठल्याशा परदेशी डॉक्टरने दोन ओळींत लिहिलं होतं, की गर्भारपणात या बायकांचं रक्त आपोआप सुधारतं, आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत मूळपदावर येतं. म्हणजे धोका प्रसूतीच्या वेळी नाही, नंतर. घरातले निर्धास्त झाले की मग.

"शेवंताचे सात," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मला कळलं. सातव्या महिन्यातल्या त्या सात ठिपक्यांना काही अर्थच नव्हता. आणि त्यांच्या जोरावर दिलेला कागद घेऊन ती मुलगी खेड्यात बाळंत होणार होती. दिवस भरत आले होते.

इस्पितळाची गाडी मागायला वेळ घालवला नाही. सदरहून भाड्याची टॅक्सी केली. खिडकीतून झळा येत होत्या, आणि बाईंनी स्टॉपवॉच मुठीत धरून ठेवलं होतं. डांबरी संपली तिथे टॅक्सी थांबली, पुढे कोसभर दमणीने. जनाबाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा भर दुपार होती. शेवंता भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून पाठ दुखत होती, सुईणीला निरोप गेला होता.

बाईंनी पाणीही घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, की मी दिलेला कागद चूक आहे, हिच्यात दोष असू शकतो, हिला आत्ता माझ्याबरोबर पाठवा. अंगणात पाचसात माणसं जमली होती. आधी बोलली ती शेवंताच.

"मले काही नाही झालं, बाई," ती म्हणाली. "तुमीच तं लिहून देल्लं. मी नाही येत."

तिची नजर सासूवर होती. मला तिची दयाही आली आणि रागही. बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, समजावू लागल्या, तर ती तोंड फिरवून एकच सांगत राहिली, की माझं रक्त थांबते, माझं रक्त थांबते. तिचा नवरा तुळशीराम आईकडे बघत होता. जनाबाई आत जाऊन तो कागद घेऊन आल्या आणि बाईंपुढे धरला. मंग हा काय कामाचा, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, फाडून टाका.

जनाबाईंनी कागद फाडला नाही. कनवटीला लावला. मला वाटलं, आता आम्हाला हाकलून देणार. त्या बाईंच्या घामेजलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तुळश्या, दमणी जुंप. स्वताची चूक सांगाले एवढ्या उन्हात कोनी येत नाही. बाई खरं बोलून राह्यली."

शेवंता रस्ताभर रडत होती. कळांमुळे नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळंत झाली. मुलगी. रक्त गेलं ते कोणाही बाळंतिणीचं जावं तितकंच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि बाईंची पंचाईत झाली. वॉर्डातल्या डॉक्टरांना खाट हवी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की घरी सोडतो, तुमच्या प्रयोगासाठी खाट अडवू नका. बाई म्हणाल्या, दहा दिवस. ते म्हणाले, कशाच्या आधारावर? आधार म्हणजे त्या दोन ओळी. बाई वॉर्डाच्या दारात स्टूल टाकून बसल्या. खरंच बसल्या. त्यांच्या वयाला आणि हुद्द्याला ते शोभत नव्हतं, लोक येताजाता हसत होते.

पाचव्या दिवशी जनाबाईंची चुळबुळ सुरू झाली. पाचवी पुजायची, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिणार, ती काय दवाखान्यात येणार? बाईंनी नर्सची समजूत घातली आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाटा-वरवंटा मांडून पाचवी झाली. सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन मी दिलं. बाई लांबून बघत होत्या. त्यांचं लक्ष पूजेत नव्हतं. त्या सकाळी शेवंताचे ठिपके नऊ आले होते.

सहाव्या दिवशी बारा. सातव्या दिवशी सतरा. मी ते कागद वॉर्डातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवले, तर ते म्हणाले, पेशंट तर हिंडतेफिरते आहे. बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. या आजाराला साठवलेलं रक्त चालत नाही, तासाभरापूर्वी काढलेलं ताजं लागतं. त्यांनी गट जुळवून रक्त देणारे ठरवून ठेवले, एक तुळशीराम आणि एक मी. मला घरी जाताना सांगितलं, उद्या पोटभर जेवून ये.

आठव्या दिवशी दुपारी बारा वाजता जनाबाई धावत विभागात आल्या. त्यांच्या लुगड्याचा पदर रक्ताने भिजला होता. आम्ही पोचलो तेव्हा शेवंता पांढरी पडली होती आणि खाटेखाली ठिबकत होतं. वॉर्डातले डॉक्टर आता धावपळ करत होते, पण इंजेक्शनांनी काही होत नव्हतं. शेजारच्या खोलीत माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधला, पलीकडे तुळशीरामच्या. बाटली भरायला जो वेळ लागतो तो मला त्या दिवशी कळला. बाई एक हात माझ्या खांद्यावर ठेवून उभ्या होत्या. पहिली बाटली गेली, दुसरी गेली. चार वाजता खाटेखालचं ठिबकणं मंदावलं. पाचला थांबलं. बाई वॉर्डातच भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना बघितलं.

दोन दिवसांनी जनाबाई नातीला घेऊन ऊन चढायच्या आधी इस्पितळाच्या अंगणात गेल्या होत्या. मी शेवंताच्या कानाला टिपकागद लावत होते, बाई पायथ्याशी उभ्या होत्या. शेवंता एकदम म्हणाली, की माझे दुधाचे दात पडले तेव्हा उशी भिजून जात होती. पाळीतही तसंच. लहानपणापासून.

बाई वाकल्या. "मग तेव्हा काहून नाही सांगितलं वं?"

"सासू बसली होती ना समोर," शेवंता म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. विचारलं, प्रश्न कोणी विचारले होते. मी म्हटलं, मी. रांग होती, सासूबाईंना उठवायचं राहून गेलं. मला वाटलं, आता बोलतील, नोकरी जाईल, जायलाच हवी. बाईंनी फक्त पुढचा प्रश्न विचारला, तो माझ्या अजून कानात आहे. "आणखी किती जणींना असं समोर कोणी बसलेलं असताना विचारलंस, कुंदा?"

मला आठवत नव्हतं. मी तेच सांगितलं. तेव्हा ती वर्षभराची वही, भिंतीवरचा तो सगळा कागद, ठिपक्यांइतकेच त्या उत्तरांवरही उभे असलेले सगळे रिकामे गोल, एका क्षणात डळमळीत झाले. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. बाई खिडकीशी गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या. "विभाग माझा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या समोर ती बाई बाकावर बसली होती. मला दिसत होती. मी ठिपके बघत होते."

मुंबईला त्यांनी कळवलं, की या वर्षी मी काही मांडू शकत नाही. पुढल्या सोमवारी आम्ही पहिल्या एसटीने पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात केली. त्या खेपेला प्रश्न बाईंनी स्वतः विचारले. दार लावून, जमिनीवर बसून. आधी 'नाही' म्हटलेल्या बऱ्याच जणींनी हलक्या आवाजात 'हो' म्हटलं. पोटुश्या बायकांचे ठिपके त्या बाळंतपणानंतर महिन्याने पुन्हा घेत. थेंब खोटं बोलत नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. त्यात पावणेदोन वर्षं गेली, आणि तोवर दुसऱ्या शहरातल्या कोणीतरी तेच आधी छापलं. मी हळहळले. बाईंनी तो लेख दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय. पण याने बाळंतिणींचं काही लिहिलं नाही. तेवढं आपण लिहू." लिहिलं. त्यात शेवंताची हकीगत आपल्या चुकीसकट घातली. वरिष्ठांनी ती गाळायला सांगितली, त्यांनी गाळली नाही.

आठ-नऊ वर्षांनी बाई गेल्या, रामदासपेठेतल्या घरी, हृदयविकाराने, अर्ध्या दिवसात. तिसऱ्या दिवशी मी तिथे भेटायला आलेल्यांना पाणी देत होते, तेव्हा जनाबाई आणि शेवंता आल्या. त्यांना कोणी कळवलं ते मला ठाऊक नाही. शेवंताची मधल्या काळात आणखी एक खेप झाली होती, आमच्याच इस्पितळात, ताजं रक्त तयार ठेवून, आणि ती धडधाकट होती. बाईंच्या फोटोला नमस्कार करून ती बाहेर गेली. जनाबाई माझ्याजवळ बसून राहिल्या. खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. शेवंताने त्यांना सगळं सांगितलं होतं, हे त्यांच्या बोलण्यावरून मला तेव्हा समजलं.

"त्या दिवशी मले भायेर जा म्हटलं असतं ना तुमी," त्या म्हणाल्या, "तं राग आला असता मले. पन उठली असती मी."